मौनीमातेची जुनी तारीख

सोमवारी सकाळी साडेआठला आमच्या इमारतीचा जिना माणसांनी भरला होता. वर जायला वाट नाही, खाली यायला वाट नाही, आणि सगळ्यांच्या माना एकाच फोनवर वाकलेल्या. फोन तळमजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनचा होता. पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर काका, त्यांच्या समोरच्या शिवणक्लासवाल्या काकू, काकूंच्या दोन शिष्या, दूध घालणारा, सगळे त्या तळहाताएवढ्या काचेत डोळे घालून उभे होते आणि कुणीही बोलत नव्हतं. आमच्या जिन्यात चार माणसं जमावीत आणि आवाज होऊ नये, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

कारण तसंच होतं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दोन गल्ल्या सोडून असलेल्या भाजीबाजाराचं पत्र्याचं छप्पर कोसळलं होतं. जीव कुणाचा गेला नाही, पण दोघांचे पाय मोडले. काकू तिथून निघून पाचच मिनिटं झाली होती. आणि इलेक्ट्रिशियनच्या फोनवर मौनीमातेच्या पानावरचं हे वाक्य होतं:

‘लोखंडाचं आभाळ खाली येईल. हिरव्या ढिगांवर पडेल. वार रविवार असेल.’

वाक्याच्या डोक्यावर तारीख होती, बरोबर चाळीस दिवसांपूर्वीची.

ही मौनीमाता कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती. ती फोनातच राहायची. मिटलेले डोळे, ओठांवर बोट, पाठीमागे धूसर उजेड, असा तिचा फोटो. बारा वर्षं तिनं तोंडातून शब्द काढलेला नाही, असं पानावर लिहिलेलं होतं. पण न बोलणारी ही बाई रोज इतकं लिहायची की लिहिण्यावरच पोट भरणाऱ्या मला तिचा हेवा वाटावा. ‘मी बोलत नाही, काळ माझ्याकडून लिहवून घेतो. हे वाक्य हाताने वहीत उतरवा, उतरवणाऱ्या हाताला संकट शिवत नाही. तुम्हाला कशाची भीती वाटते? खाली लिहा. आई वाचते आहे.’ आणि खाली हजारो माणसं आपापली भीती लिहून मोकळी होत होती.

काकूंना सगळ्यात मोठा चमत्कार वेगळाच वाटत होता. “मी काही तिला शोधायला गेले नव्हते,” त्या हळूच म्हणाल्या. “एक दिवस फोन उघडला तर ही समोर. तीच माझ्याकडे आली.”

इलेक्ट्रिशियन म्हणाला, त्याचंही तसंच झालं. पेन्शनर काकांचंही. एकेकाने मान हलवली. आमच्या इमारतीत निम्म्याहून जास्त घरांत ती न बोलावता आली होती. 

मग पेन्शनर काकांनी मला पाहिलं. “तू याच धंद्यातली,” ते म्हणाले. “तू बघ बरं. काही बनवाबनवी असेल तर तुलाच कळणार.”

मी मोठ्या ऐटीत फोन हातात घेतला. बाबा, बुवा, अंगात येणाऱ्या बाया यांची टिंगल करण्यात माझी उभी हयात गेलेली. मी तारखेवर बोट ठेवलं, तास-मिनिटं उघडून पाहिली, स्वतःच्या फोनवरून पुन्हा पाहिली. आणि जाणकाराच्या आवाजात निकाल दिला: “तारीख खरी आहे. ती मशीन घालतं. माणसाला ती बदलता येत नाही.”

एवढं बोलून वर पाहिलं तर चौथ्या मजल्यावरून उतरणारी माझी ताई कठड्याला धरून थांबली होती. तिच्या हातात मुंगीची पाण्याची बाटली होती. तिनं माझं वाक्य शब्दन्‌शब्द ऐकलं होतं.

मुंगी म्हणजे ताईची नऊ वर्षांची मुलगी. सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते म्हणून हे नाव पडलं. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. लहानपणी डॉक्टर म्हणाले, भरेल आपोआप. ते भरलं नाही. आता चार मजले चढताना ती दोनदा पायरीवर बसते आणि आपण दमलो नाही, फक्त मोजतो आहोत, असं सांगते. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं की फुप्फुसांवर दाब वाढायला लागला आहे, आता थांबायचं नाही. ऑपरेशन त्याच आठवड्यातल्या गुरुवारी ठरलं होतं.

मी ऑफिसला गेले. माझा धंदा काय तेही सांगून टाकते. एका चष्म्याच्या दुकानावर आमची खोली आहे, चार टेबलं, एक कधीच न उघडणारी खिडकी. तिथे बसून मी लोकांनी फोनवर वाचायचे लेख लिहिते. केस गळणे, सासू-सून, डाग काढणे, झोप न येणे, काहीही. आमच्या साहेबांचे नियम ठरलेले. पहिल्या ओळीत अंगठा थांबला पाहिजे, म्हणजे वाचणारा पुढे सरकता कामा नये. लेखात तारीख-वार घालायचा नाही, म्हणजे तो कधी शिळा होत नाही. शेवट प्रश्नाने करायचा, म्हणजे लोक खाली उत्तरं लिहितात आणि लेख आणखी लोकांपुढे जातो. आणि चाललेली पोस्ट कधी पुसायची नाही, तिचे कपडे बदलायचे. हजारो लोकांनी पसंत केलेल्या जुन्या पोस्टमधला मजकूर काढून तिथेच नवा घालायचा, की नव्याला जुन्याची सगळी पसंती आयती मिळते. हे काम पलीकडच्या टेबलावरचा एकजण करतो, त्याला आम्ही टेलर म्हणतो. मी लिहिते, पानावर चढवते आणि विसरते. माझ्या लेखांना पुढे कोणते कपडे चढतात, ते बघायला मी कधी गेले नाही.

वाचकांना वाटेल, बाई, एवढं सगळं माहीत असून तुझी ट्यूब कशी पेटली नाही? मी हा प्रश्न स्वतःला शंभरदा विचारला आहे. त्या दिवशी मी टेबलाशी बसून सगळे डाव मनात तपासले. हजार भाकितं लिहून नऊशे नव्याण्णव पुसली असतील का? पण मग रविवार, लोखंड, हिरवे ढीग, इतकं नेमकं कसं? तारीख मागची घातली असेल का? ते जमत नाही, हे तर मीच जिन्यात सांगून आले होते. मला भीती वाटत होती. भीती वाटते याची लाज वाटत होती, आणि लाज लपवण्यात अर्धी बुद्धी खर्च होत होती. टेलर माझ्यापासून दोन हातांवर बसून मान खाली घालून कपडे बदलत होता, आणि मला आपलं रोजचं दुकान आठवलं नाही. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं.

दुपारी ताईचा फोन आला. ती रडत नव्हती. तिनं फक्त वाचून दाखवलं.

‘एक मुलगी पांढऱ्या खोलीत जाईल. आई दाराबाहेर थांबेल. दार उघडेल, मुलगी येणार नाही. वार गुरुवार असेल.’

“तारीख अडतीस दिवसांपूर्वीची आहे,” ताई म्हणाली. “तेव्हा आपल्याला ऑपरेशनचा गुरुवार माहीत तरी होता का?”

मी म्हटलं, ताई, अशा हजारो मुली असतात, हजारो गुरुवार असतात. माझा आवाज मलाच पटत नव्हता.

“तूच म्हणालीस ना, तारीख बदलता येत नाही म्हणून?” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर हॉस्पिटलसाठी भरलेली पिशवी कपाटावर चढवून ठेवलेली. भावोजी बस चालवतात. भर गर्दीत तीस वर्षं जुनी गाडी नेताना ज्यांची नजर रस्त्यावरून हलत नाही, ते ताईला समजावत होते खरे, पण मधूनमधून त्यांची नजर त्या फोनकडे जात होती. फोन उताणा पडला होता आणि मौनीमाता मिटल्या डोळ्यांनी छताकडे तोंड करून होती. ताईनं पैसे भरून तिच्याकडून ‘संरक्षणपत्र’ मागवलं होतं. ते येईपर्यंत मुलीला पांढऱ्या खोलीत नेऊ नये, असा उलट निरोपही आला होता.

मंगळवारी मी ताईला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं, छिद्र कुठे आहे, ते कसं बंद करणार, सगळं सांगितलं. असं ऑपरेशन त्यांच्याकडे नेहमी होतं, धोका अगदी थोडा असतो, असं त्या म्हणाल्या.

“म्हणजे असतो ना थोडा?” ताईनं विचारलं.

बाई खऱ्या डॉक्टर होत्या, त्यामुळे त्यांना खोटं बोलता येईना. “असतो,” त्या म्हणाल्या. “पण न करण्याचा धोका थोडा नाही.” ऑपरेशन करणारे सर्जन बाहेरून येतात, पुन्हा दोन महिन्यांनी येतील, असं त्यांनी सांगितलं. बुधवारी दुपारी दोनपर्यंत मुलगी दाखल झाली नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी लागणार होती.

खोटं बोलणाऱ्या बाईला शंभर टक्के माहीत होतं आणि खरं बोलणाऱ्या बाईला नव्हतं. ताईच्या मनात तराजू कुठे झुकला, हे मला परत येताना रिक्षात कळलं. ती रिक्षाबाहेर बघत म्हणाली, “दोन महिन्यांनी करू. गुरुवार सोडून.”

आणि मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही हायसं वाटलं. नेलं आणि काही झालं, तर? आयुष्यभर ताईच्या डोळ्याला डोळा कसा भिडवणार? न नेल्याने जे होईल ते हळूहळू होईल, त्याला कुणाचं नाव चिकटणार नाही. इतका हलकट विचार माझ्या डोक्यात येऊन गेला, आणि तो मी इथे लिहून ठेवते आहे, कारण मौनीमातेचं सगळं दुकान याच विचारावर चालतं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता दारावर टकटक झाली. मुंगी उभी होती, हातात शाळेची वही. एक मजला उतरून आली तरी तिला धाप लागली होती.

“मावशी, माताजी चुकल्या की मी?” तिनं विचारलं.

तिनं वही उघडून माझ्या पुढ्यात ठेवली. ताई दोन आठवडे तिच्याकडून मौनीमातेची वाक्यं उतरवून घेत होती. उतरवणाऱ्या हाताला संकट शिवत नाही ना! मुंगी शाळेतल्या सवयीने प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात तारीख घालून, समास सोडून, ओळ न चुकवता लिहायची. शुक्रवारच्या पानावर तिचं अक्षर होतं:

‘एक लेकरू बंद खोलीत जाईल. आई दाराबाहेर थांबेल. दार उघडेल, लेकरू येणार नाही.’

“मी बघून बघून लिहिलं होतं,” मुंगी म्हणाली. “आणि आता फोनवर मुलगी आहे. पांढरी खोली आहे. गुरुवार तर नव्हताच. शाळेतल्या बाईंना दाखवलं असतं तर त्यांनी मलाच चूक दिली असती.”

मी पटपट मागची पानं उलटली. दोन आठवड्यांची वाक्यं होती, त्यांत मातेनं पहिल्या दिवशी उतरवायला लावलेली ‘जुनी वचनं’ही होती. लोखंडाचं आभाळ त्यांत कुठेच नव्हतं. चाळीस दिवसांपूर्वी लिहिलेलं वाक्य मागच्या शनिवारपर्यंत कुणालाच दिसलेलं नव्हतं. तारीख बदललेली नव्हतीच, तारखेखालचं सगळं बदललं होतं. पोस्टचे कपडे बदलले होते!

मी फोन घेतला. पोस्टच्या कोपऱ्यात, तारखेला लागून, फिकट रंगात एक शब्द होता: ‘बदलले’. सोमवारी मी तारखेवर बोट ठेवलं तेव्हा तो माझ्या नखाखाली झाकला गेला असणार. बाजूची तीन टिंबं दाबली. ‘बदलांचा इतिहास’ असं आलं. तेही दाबलं.

एकाखाली एक उघडत गेलं. सगळ्यात वर गुरुवार आणि पांढरी खोली, बदल केल्याची वेळ रविवार रात्री आठ वीस. त्याखाली बंद खोली आणि लेकरू, मागच्या गुरुवारचं. आणि सगळ्यात खाली, त्या जुन्या तारखेचं, मूळ:

‘कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं? फक्त ही एक गोष्ट करा! कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, सुरी धारदार घ्या. तुम्ही काय करता? खाली लिहा.’

हे वाक्य मी ओळखलं. ते माझं होतं. माझ्या टेबलावर, न उघडणाऱ्या खिडकीशेजारी बसून मी ते लिहिलं होतं, ‘घरोघरी युक्त्या’ नावाच्या आमच्या पानासाठी. छपराच्या भाकिताखाली पाहिलं तर शर्टाच्या कॉलरचा मळ कसा काढावा हे निघालं. तेही माझंच होतं. त्याचे कपडे रविवारी अकराला दहा कमी असताना बदलले होते, म्हणजे छप्पर पडल्यानंतर पाऊण तासाने.

मी टेलरला फोन लावला आणि विचारलं, घरोघरी युक्त्या कुठे गेलं. तो सहज म्हणाला, साहेबांनी ते पान एका पार्टीला विकलं, महिना होत आला. नाव बदलून घेतलं त्यांनी, पान पसंत केलेली माणसं तीच राहिली. कपडे बदलायचं काम तेवढं अजून आपल्याकडे आहे.

“आणि काय घालायचं ते कोण ठरवतं?” मी विचारलं.

“ठरवायचं काय त्यात? खाली लोक आपली भीती लिहितात. ज्या कमेंटवर जास्त लोक हात जोडतात ती उचलायची. तूच तर शिकवलंस, प्रश्नाने शेवट करायचा म्हणून.”

मी फोन ठेवला. माता न बोलावता सगळ्यांकडे का आली, तेही आता कळलं. वर्षभरापूर्वी याच जिन्यात मी दारोदार फिरून सगळ्यांना ते पान पसंत करायला लावलं होतं. माझे लेख त्यात येतात, तेवढं एक बटण दाबा हो, म्हणून. काकूंकडे, काकांकडे, इलेक्ट्रिशियनकडे आणि माझ्या सख्ख्या बहिणीकडे मौनीमातेला मीच पोचवलं होतं.

“मावशी, तू रडू नकोस,” मुंगी म्हणाली. “मी चूक नाही ना?”

“तू नाहीस,” मी म्हटलं. “चल वर.”

चढताना ती बसली नाही, कारण मी तिला उचलून घेतलं. ती किती हलकी आहे हे कळून मला पुन्हा भीती वाटली.

ताईला मी वही दाखवली, फोन दाखवला, कांदा दाखवला. ती बघत होती, पण तिच्यात काही शिरत नव्हतं. मग मी रविवार संध्याकाळच्या कमेंट उघडल्या आणि खाली खाली जाऊन तिचीच शोधून काढली. ‘माताजी, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे, लक्ष असू द्या.’ वेळ आठ वाजून पाच मिनिटं. खाली शेकडो जोडलेले हात. आणि भाकिताचे कपडे बदलले होते आठ वीसला.

“पंधरा मिनिटं, ताई,” मी म्हटलं. “तुझीच भीती घेऊन तिनं पंधरा मिनिटांत तुला परत दिली. आई वाचते आहे, असं लिहिलंय ना, तेवढं मात्र खरं आहे. कुणीतरी वाचत होतं.”

ताई खुर्चीत बसली. भावोजी उठून उभे राहिले. पण ताई म्हणाली, “मशीनमधलं मला कळत नाही गं.”

तेव्हा मी जिन्यात गेले आणि हाका मारल्या. दहा मिनिटांत सोमवारचीच गर्दी पुन्हा जमली. फरक इतकाच की या वेळी मी सगळ्यांना आपापले फोन काढायला सांगितले आणि माझ्या स्वतःच्या पानावरची दोन वर्षांपूर्वीची एक पोस्ट उघडायला लावली. तिच्यात माझ्या कुंडीतल्या गुलाबाचा उल्लेख होता. सगळ्यांनी तारीख पाहिली. मग मी त्यांच्यासमोर दोन अंगठ्यांनी मजकूर बदलला आणि त्यांना पुन्हा पाहायला सांगितलं. इलेक्ट्रिशियननं मोठ्यानं वाचलं:

“‘बुधवार असेल. पहिल्या मजल्यावरचे एक ज्ञानी गृहस्थ जिन्यात उभे असतील. त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल असेल, दुसऱ्यात बायकोची.’”

सगळ्यांनी पेन्शनर काकांच्या पायांकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. घाईत तसंच झालं होतं.

“आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची,” इलेक्ट्रिशियन पुटपुटला. “बाई, तुम्हाला तर काकांच्या बायकोच्या चपलेचंही आधी कळलं होतं.”

कुणीतरी हसलं, मग जिना हसला. फसलेल्या माणसाचं हसू जरा उशिरा सुटतं आणि बराच वेळ थांबत नाही. मी प्रत्येकाला तीन टिंबं दाबायला लावली, गुलाब दाखवला, मग मौनीमातेचा कांदा दाखवला, कॉलरचा मळ दाखवला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मी तिला माझ्या मुलाबद्दल सगळं लिहिलंय गं.” तेव्हा मी सांगितलं की हे पान तुमच्यापर्यंत मी आणलं, तारीख खरी आहे हेही मीच सांगितलं, दोन्हींची माफी मागते. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

बारा वाजायला आले होते. ताई दारात उभी होती. तिला सगळं कळलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तिनं विचारलंच. “सगळं खोटं आहे, मान्य. पण तरी उद्या खरं झालं तर?”

डाव उघडा पडला म्हणून भीती लगेच घर सोडत नाही, हे मला तेव्हा कळलं. उत्तर पायरीवर बसलेल्या मुंगीनं दिलं.

“आई, मला दम लागतो,” ती म्हणाली. “ते तर रोज खरं होतं.”

ताईनं तिच्याकडे पाहिलं. मग ती आत गेली, स्टुलावर चढली आणि कपाटावरची पिशवी खाली काढली. भावोजींनी बसच्या डेपोला फोन करून दोन दिवस येत नाही म्हणून कळवलं. दोनला वीस मिनिटं असताना मुंगी हॉस्पिटलच्या खाटेवर होती आणि डॉक्टरीणबाई तिच्या मनगटावर नावाची पट्टी बांधत होत्या.

गुरुवारी आम्ही तिघं दाराबाहेर बसलो होतो. मी शहाणपणाचा आव आणणार नाही. मला सगळा डाव ठाऊक होता, त्यातला निम्मा मजकूर माझ्या हातचा होता, तरी त्या बंद दाराकडे बघताना ‘दार उघडेल’ हे शब्द कानात घुमत होते. ताईनं फोन घरी ठेवला होता. ती माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बोटं बधिर झाली. चार तास गेले. दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरचा कपडा खाली केला आणि म्हणाल्या, “बंद झालं छिद्र. शुद्धीवर यायला वेळ लागेल, पण छान आहे.” भावोजी भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले.

हे सगळं मी आता माझ्याच पानावर लिहिते आहे. चष्म्याच्या दुकानावरची खोली मी सोडली. पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे, मुंगीच्या वहीच्या प्रतीसकट. मौनीमातेचं पान आता ‘आरोग्याचे मंत्र’ या नावाने चालतं, माणसं तीच आहेत, त्यामुळे तुमच्या फोनवर ते न बोलावता येईलही. तेव्हा सरळ सांगते. कुणी पूर्वीच लिहून ठेवलेलं दाखवलं तर तारखेवर थांबू नका, मजकूर कधी बदलला ते बघा. ते कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा, आणि तो माझ्यासारखा ऐटीत उत्तर देत असेल तर आणखी एकाला विचारा. आपली भीती अनोळखी माणसाला लिहून देऊ नका, ती डॉक्टरला सांगा, घरच्यांना सांगा. जो तुम्हाला आधी घाबरवतो आणि मग वाचवायला येतो, त्याला एवढंच विचारा की त्याला तुमच्याबद्दल कळलं कुठून. बहुतेक वेळा ते तुम्हीच सांगितलेलं असतं. हा लेख मी प्रश्नाने संपवणार नाही, खाली काही लिहू नका.

मुंगी आठव्या दिवशी घरी आली. चार मजले ती चढून गेली, सावकाश, पण न बसता, आणि आम्ही सगळे तिच्या मागे श्वास धरून. वर पोचल्यावर तिनं पहिल्यांदा वही मागितली. शुक्रवारचं ते पान काढलं, आणि ‘दार उघडेल, लेकरू येणार नाही’ याच्या खाली, तारीख घालून, एकच शब्द लिहिला: ‘आले.’

ती नेहमी पेन्सिलनं लिहिते, म्हणून मी विचारलं, आज पेन कशाला.

“हे कुणी नंतर बदलायला नको,” ती म्हणाली.